दंव गोठतच नाही, मग रोपं बाहेर लावायची कधी?

कोवळी_पालवी | २२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून लिहायला बसले.

डिसेंबरच्या मध्याला कॉसमॉसचं बी ट्रेमध्ये टाकलं. कोकोपीट आणि गांडूळखत, वर एलईडीचे दोन पट्टे, टायमर लावून रोज १६ तास उजेड. रोपं अशी तरतरीत झाली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निम्मी रोपं बाहेर लावली, बहुतेक गच्चीवरच्या वाफ्यात आणि उरलेली ४ फाटकाजवळच्या कुंड्यांत. पाकिटावर उंची ४ फूट लिहिली आहे. आज गच्चीवरची रोपं जेमतेम वीतभर आहेत आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर कळी. दोन तर फुललीसुद्धा. फूल शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं.

मी ज्या परदेशी तक्त्याप्रमाणे चालले त्यात ‘शेवटचं दंव गोठून गेलं की दोन आठवड्यांनी रोपं बाहेर काढा’ असं आहे. आमच्याकडे दंव कधी गोठतच नाही, तर त्यातलं ‘शेवटचं’ कुठून आणू? म्हणून म्हटलं, आपल्याला बाराही महिने रान मोकळं.

चुकलं कुठे? आणि गरम हवेच्या ठिकाणी रोपं बाहेर काढायची वेळ ठरवायची तरी कशावरून?

खुरपं | २२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मुळं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेर म्हणजे सहा आठवडे. ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात रोप सहा आठवडे ठेवलं की मुळं गोल गोल फिरून गुंता होतो, मग बाहेर कितीही चांगली माती द्या, ती पसरत नाहीत. कॉलीफ्लॉवरचं रोप ट्रेत म्हातारं झालं की नंतर बटणाएवढा गड्डा धरून बसतं, तोच हा प्रकार. रोपाला वाटतं आपलं काही खरं नाही, बी धरून मोकळं व्हावं.

एक रोप उपटून मुळं धुवा आणि फोटो टाका.

आळशी_माळी | २२ फेब्रुवारी, रात्री १०:१२

फुलासाठीच लावलं होतं ना? फूल आलं. धागा बंद करा.

कोवळी_पालवी | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

@आळशी_माळी, ४ फुटी झाडाला महिनाभर फुलं येत राहतात हो. या वीतभर काडीला दोन येऊन खेळ खलास!

@खुरपं, उद्या उपटते. जीवावर येतंय.

जास्वंद | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:५१

मला तर हा उन्हाचा फटका वाटतोय. गच्चीची फरशी फेब्रुवारीत तापायला लागते. त्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या असतील तर बघायलाच नको. दुपारी उन्हाच्या बाजूची माती ४५ अंशांच्या वर जाते. मी स्वयंपाकघरातला, म्हणजे आता कायमचा बागेत गेलेला, टोचणी थर्मामीटर खुपसून बघितलं आहे. मुळांना ३८-४० च्या पुढे सोसत नाही. त्या बाजूची मुळं मरतात आणि आपण पाणी घालत बसतो.

निवृत्त_मास्तर | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

खुरपं आणि जास्वंद, दोघांचं म्हणणं खोटं नाही, पण मला इथे मुख्य आरोपी वेगळा दिसतो. पालवीताईंनी तो स्वतःच लिहून दिला आहे: ‘रोज १६ तास उजेड’.

कॉसमॉस लघुदिवसी आहे. दिवस लहान झाला की फुलावर येणाऱ्या वनस्पतींना लघुदिवसी म्हणतात. शेवंती, लाल अंबाडी, ताग, सोयाबीनच्या पुष्कळ जाती त्याच गोतातल्या. घरात १६ तासांच्या उजेडात रोपाच्या लेखी भर उन्हाळा होता. तिथून ते एकदम जानेवारीच्या अकरा-सव्वाअकरा तासांच्या दिवसात येऊन पडलं. त्याच्या हिशेबाने हंगाम संपत आला. उंची वाढवायला वेळ कुठे उरला? त्याने कळी काढली.

हे कळलं कसं त्याची गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडायची. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड हे दोघे तंबाखूवर काम करत होते. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची एक जात उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून वर जायची, पण फुलायची नाही. तीच जात हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुलायची. खत, ओल, तापमान, सगळं बदलून बघितलं, उपयोग शून्य. शेवटी उन्हाळ्यात झाडं रोज ठराविक वेळी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली आणि झाडं फुलली. १९२० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर दाखवलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला तरी फुलणं थांबलं. उलट दिवसाच्या मध्ये काही वेळ अंधार केला तर झाडाला त्याचं काही नाही. म्हणजे ‘लघुदिवसी’ हे नाव चुकीचंच पडलं, ‘दीर्घरात्री’ म्हणायला हवं होतं. पण आता रुळलंय.

आळशी_माळी | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:३४

दीर्घरात्री वनस्पती म्हणजे मी. सकाळी १० च्या आत फुलत नाही.

सव्वाबारा | २३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मास्तरांच्या म्हणण्याला आकडे जोडतो. माझ्या सदस्यनामाशी याचा संबंध नाही, ती जेवणाची वेळ आहे.

विषुववृत्तावर दिवस वर्षभर १२ तास ७ मिनिटांच्या आसपास. (वरची ७ मिनिटं कारण आपण सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतो, शिवाय हवेतून किरण वाकून येतात.) १० अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे १२ तास ४३ मिनिटं. २० वर १३ तास २० मिनिटं, आणि सर्वांत लहान १० तास ५५ मिनिटं. ३० वर १४ तास ५ मिनिटं. आणि ज्या ५० अक्षांशावरचे लोक असे तक्ते करतात तिथे १६ तास २० मिनिटं!

आता बघा. त्यांच्याकडे दंव संपतं तेव्हा दिवस आधीच १४-१५ तासांचा झालेला असतो आणि अजून वाढत असतो. म्हणजे ‘दंव संपलं की लावा’ या एका वाक्यात थंडीचाही बंदोबस्त होतो आणि दिवसाच्या लांबीचाही, दुसऱ्याचा उल्लेखच करावा लागत नाही. आपल्याकडे थंडीची अट गळून पडते आणि लपलेली अट तशीच राहते. ती कोणी लिहिलेली नसते म्हणून आपण फसतो.

जास्वंद | २३ फेब्रुवारी, दुपारी २:०२

सव्वाबारा, हा प्रतिसाद वर टाचून ठेवायला हवा. माझं ऊन मागे घेते. अर्धंच घेते, कारण नंतर लागेल.

खुरपं | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

मी नाही मागे घेत. मास्तरांचा मान राखून सांगतो, सहा आठवड्यांची झेंडूची रोपं मी भर जूनमध्ये, मोठ्या दिवसांत लावली आहेत आणि ती ठेंगणी राहून फुललेली आहेत. तिथे दिवस लहान नव्हता, कप्पा लहान होता.

परीक्षा सोपी आहे. ताई म्हणतात निम्मी रोपं बाहेर लावली. मग बाकीची निम्मी कुठे आहेत? तीही त्याच वयाची, त्याच ट्रेत, आणखी चार आठवडे जास्त कोंडलेली. दिव्याखाली त्यांनाही कळ्या असतील तर मी बरोबर.

कोवळी_पालवी | २३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

ट्रे अजून दिव्याखालीच आहे, १६ तासांत. आत्ता भिंग घेऊन बघितलं. एकालाही कळी नाही! पण खालची पानं पिवळी पडली आहेत आणि ट्रेच्या भोकांतून मुळं बाहेर लोंबतायत.

आणि एक रोप उपटलं (गच्चीवरचं). मुळांचा अगदी कप्प्याच्या आकाराचा खुंटा झाला आहे, चार आठवड्यांत बाजूला दोनच धागे गेलेत.

खुरपं | २३ फेब्रुवारी, रात्री ८:४१

म्हणजे फूल मास्तरांचं, खुंटा माझा.

बांधावरून | २४ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

इथले दिवे आणि टायमर वाचून मजा वाटली. आमच्याकडे हे गणित अंबाडीच सांगते. पहिल्या पावसावर पेरलेली अंबाडी डोक्याच्या वर जाते. तीच पाऊस लांबला म्हणून ऑगस्टच्या अखेरीला पेरली तर कमरेलाही लागत नाही, आणि दोन्ही फुलतात मात्र जवळपास एकाच सुमाराला. तागाचंही तसंच. उशिरा पेरलेलं पीक दिवस भरून काढत नाही, उंची सोडून देतं. वडील म्हणायचे दिवस उतरायला लागला की अंबाडीला कळतं. त्यांनी कुठलं संशोधन वाचलेलं नव्हतं.

पण मला एक सांगायचं आहे. इथे सगळे तारखेबद्दल बोलताय, वाफशाबद्दल कोणी बोललं नाही. दिवस मोठा आहे म्हणून चिखलात रोप लावलं तर ते बसतं आणि कुजतं. मूठभर माती घेऊन दाबा, गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. पाणी निथळलं तर थांबा. उडून धूळ झाली तर आदल्या दिवशी भिजवा. आणि पहिल्या दणक्याच्या पावसाच्या तोंडावर कोवळी रोपं बाहेर काढू नका, थेंबांच्या माराने आडवी होतात आणि मातीचे शिंतोडे पानांवर बसून रोग येतो. चार दिवस सरी पडून गेल्या, मग एक उघडीप मिळाली, ती वेळ.

निवृत्त_मास्तर | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

बांधावरून दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. लघुदिवसीची याहून चांगली व्याख्या मला कधी जमली नाही.

आळशी_माळी | २४ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

मग टोमॅटोचंही हेच का? माझे टोमॅटो फुलतात आणि फुलं गळतात. रात्र मोजण्यात चूक होत असेल का त्यांची?

निवृत्त_मास्तर | २४ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

नाही. टोमॅटोला दिवसाच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नाही. त्याचं दुखणं गरम रात्रींचं आहे. दिवसा ३२-३५ च्या वर आणि रात्री २१-२४ च्या खाली पारा उतरत नसेल तर परागकण बिघडतात, फळ धरत नाही, फूल गळतं. म्हणून टोमॅटोची वेळ उलटीकडून मोजावी लागते. रात्री तापायच्या आधी फळधारणा उरकलेली हवी, त्यातून फुलावर येण्याचे दिवस वजा करा, त्यातून रोपाचे २५-३० दिवस वजा करा. लावायची तारीख ती.

म्हणजे पालवीताईंच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी झाडाला विचारायचं, बाबा तुला भीती कशाची? रात्रीच्या लांबीची, रात्रीच्या उकाड्याची, की पावसाची?

रात_पाळी | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

कामावरून आत्ता आलो. माझा अनुभव. दोन शेवंत्या, एकाच झाडाच्या काड्या लावून केलेल्या, एक बाल्कनीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. या टोकाच्या शेवंतीला नुसती पानं, कळीचं नाव नाही. त्या टोकाची फुलून गेली. खत बदललं, कुंडी बदलली. वर्षभर कळेना. मग एकदा रस्त्यावरचा दिवा आठवडाभर बंद होता... नाही, तेव्हाही फुलली नाही, एक आठवडा पुरला नसावा. पण तेव्हा डोक्यात आलं. कुंडी दुसऱ्या टोकाला नेली आणि त्या हंगामात कळ्या आल्या.

सव्वाबारा | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

शेवंतीवाले व्यावसायिक लोक हेच मुद्दाम करतात. रोप मोठं होईपर्यंत रात्री १० ते २ मंद दिवे लावतात. तेवढ्याने रात्र तुटते, झाड पानांवर राहतं. हवं तेव्हा दिवे बंद, आणि मोठ्या दिवसांत फूल हवं असेल तर संध्याकाळी काळं कापड ओढून रात्र लांब करायची. बाजारात वर्षभर शेवंती दिसते ती अशी.

कोवळी_पालवी | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:२८

थांबा थांबा. फाटकाजवळच्या ४ कुंड्या! फाटकाच्या वरच दिवा आहे, रात्रभर चालू असतो. आत्ता धावत जाऊन बघून आले. चौघांनाही कळी नाही!! त्याच ट्रेतली, त्याच दिवशी लावलेली, तशीच गुंतलेल्या मुळांची.

खुरपं | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

बरं बाबा. हरलो. पण ती रोपं वाढणार नाहीत, खुंटा आहे. काढा, मुळांचा खालचा भाग बोटांनी मोकळा करा, कडेला दोन-तीन ठिकाणी उभी चीर द्या आणि परत लावा. संध्याकाळी करा, दोन दिवस सावली.

जास्वंद | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आता माझं अर्धं ऊन. घरातलं रोप बाहेर काढायची तारीख कितीही बरोबर असली तरी त्या दिवशीचं बाहेर काढणं चुकलं तर सगळं फुकट. मी मागे ६० रोपांचा ट्रे सकाळी ११ ला बाहेर ठेवला आणि फोन आला म्हणून आत गेले. दुपारी २ ला बाहेर आले तर पानं कागदासारखी पांढरी. दिव्याखाली वाढलेल्या पानावरचा मेणचट थर पातळ असतो, अतिनील किरण त्याने कधी पाहिलेले नसतात, वाराही नाही. तीन तासांत होरपळलं सगळं.

थंड प्रदेशातली मंडळी रोपं कणखर करायची म्हणजे गारठ्याची सवय लावतात. आपल्याला उन्हाची आणि कोरड्या वाऱ्याची लावायची असते. मी आता असं करते: पहिले तीन दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन, तासभर. मग ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली दिवसभर. आठवड्याने नेट दुपारपुरती. दहाव्या-बाराव्या दिवशी उघड्यावर. पाणी थोडं ताणायचं, पण माना पडू द्यायच्या नाहीत. आणि लावायचं नेहमी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, म्हणजे मुळांना आख्खी रात्र मिळते.

आळशी_माळी | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

फोन कोणाचा होता?

जास्वंद | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:३३

बहिणीचा. रोपं कशी आहेत विचारायला.

धागेदोरे | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

लघुदिवसीची यादी चालली आहे तर हेम्पचं नाव राहिलं. मी वस्त्रोद्योगात आहे, धाग्यासाठीच्या हेम्पबद्दल, म्हणजे भांगेच्याच कुळातल्या पिकाबद्दल बोलतोय. वर लोकांनी कॉसमॉसचं जे सांगितलं ते तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. उत्तरेकडच्या मोठ्या दिवसांसाठी पैदास केलेली जात विषुववृत्ताच्या जवळ आणून लावली की ती गुडघ्याएवढी असतानाच फुलते. उंची नाही म्हणजे लांब धागा नाही. तारीख पुढे-मागे करून काही होत नाही, कारण हवा तेवढा मोठा दिवस तिथे वर्षात कधी येतच नाही. जातच त्या अक्षांशाची लागते.

नवा_भिडू | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:४४

त्याच कुळातल्या ‘दुसऱ्या’ रोपाबद्दल विचारायचं होतं, कुंडीत...

व्यवस्थापक | २५ फेब्रुवारी, सकाळी १०:००

भांगवर्गीय झाडांच्या लागवडीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय एक रोप लावणं हाही गुन्हा आहे. धाग्याच्या पिकाबद्दलची माहिती राहू देत आहोत. कुंडीतली चौकशी इथे नको.

आळशी_माळी | २५ फेब्रुवारी, सकाळी १०:०३

नव्या भिडूचं रोप बाहेर काढायची वेळ चुकली.

सव्वाबारा | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

धागेदोरे यांनी फार महत्त्वाचा मुद्दा काढला. इथे काही जण असं समजून बसलेत की दिवस ‘कमी झाला’ म्हणून फूल आलं, म्हणजे घरातले १६ तास हळूहळू कमी करत नेले तर झाडाला कळणार नाही. तसं नाही. प्रत्येक जातीची एक मर्यादा असते. रात्र त्या मर्यादेहून लांब झाली की फूल. हळू गेलात काय आणि उडी मारलीत काय, मर्यादेच्या पलीकडे गेलात की झालं.

समजा एखाद्या जातीची मर्यादा १४ तासांच्या दिवसाची आहे. २० अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस १३ तास २० मिनिटं. पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश थोडा जमेस धरला तरी काठावरच. त्या जातीला तिथे कायमच शरद ऋतू. तिच्यासाठी बाहेर काढायची ‘योग्य तारीख’ अस्तित्वातच नाही. मर्यादा १२.५ तासांची असेल तर मात्र एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत मोकळीक आहे. म्हणून तारखेआधी जात विचारा.

निवृत्त_मास्तर | २५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

एक पुरवणी. काही झाडं या बाबतीत हट्टी असतात, मर्यादा ओलांडल्याशिवाय फुलणारच नाहीत. काही नुसती कलती असतात: लहान दिवसांत लवकर फुलतात, मोठ्या दिवसांतही फुलतात पण सावकाश, भरपूर वाढून. झिनिया, झेंडू या दुसऱ्या गटातले. खुरपं यांचा जूनमधला झेंडू त्यामुळेच फुलला. आणि अगदी कोवळं, दोन-चार पानांचं रोप सहसा कुठल्याच इशाऱ्याला दाद देत नाही. त्याचं बालपण संपावं लागतं. सहा आठवड्यांत ते संपलेलं होतं.

उलटा_ऋतू | २६ फेब्रुवारी, पहाटे ४:०५

सगळ्यांना जून, जून करताना बघतेय. विषुववृत्ताच्या या बाजूला जूनमध्ये दिवस सर्वांत लहान असतो हो. मी इथलं वाचून जूनमध्ये कॉसमॉस लावला असता तर मीही बटणं वेचत बसले असते. महिन्यांची नावं लिहू नका, ‘मोठ्या दिवसाच्या आधी अमुक आठवडे’ असं लिहा.

सव्वाबारा | २६ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

शंभर टक्के मान्य. दक्षिणेकडच्या वाचकांनी माझ्या वरच्या प्रतिसादात एप्रिलच्या जागी ऑक्टोबर आणि ऑगस्टच्या जागी फेब्रुवारी वाचावं.

कोवळी_पालवी | २६ फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार, पण मला अजून तारीख मिळालेली नाही. पाकीट अर्धं शिल्लक आहे. मी २० अक्षांशाच्या जवळ, उत्तरेला. कधी पेरू?

बांधावरून | २७ फेब्रुवारी, पहाटे ५:४०

पावसाच्या आधी तीन आठवडे. थेट जागेवरच पेरता आलं तर ट्रे नकोच, कॉसमॉसचं बी काही नाजूक नाही.

खुरपं | २७ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

असहमत. आधी तीन आठवडे म्हणजे भर मे, मातीची चुलीतली राख झालेली असते. रोज दोनदा पाणी घालायला ताई घरी असतात का? ट्रेत मेच्या मध्याला पेरा, सावलीत, दिव्याशिवाय. दिवस १३ तासांच्या वर असतो, दिव्याची गरजच नाही. ४ आठवड्यांत बाहेर. त्याहून एक दिवस जास्त ट्रेत ठेवलं तर मला सांगू नका.

निवृत्त_मास्तर | २७ फेब्रुवारी, सकाळी ९:००

खुरपं यांचं पटतं. जूनच्या मध्यापासून पुढे दोन महिने तरी दिवस पावणेतेरा तासांच्या वर मिळतो. तेवढ्यात झाड वाढून घेईल आणि दिवस उतरले की भरभरून फुलेल. मात्र हिवाळ्यात कुंडीत ठेंगणी, लवकर फुलणारी रोपं मुद्दाम हवी असतील तर तुम्ही जे चुकून केलंत तेच करा, फक्त घरातला दिवा १६ ऐवजी ११-१२ तास ठेवा आणि रोपं चौथ्या आठवड्यात बाहेर काढा. विजेचं बिलही वाचेल.

आळशी_माळी | २७ फेब्रुवारी, सकाळी ११:००

म्हणजे मी २२ तारखेला म्हणालो होतो तेच. फूल आलं ना?

कोवळी_पालवी | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय. खुरपंदादा म्हणाले तसं फाटकाजवळची चारही रोपं काढून मुळं मोकळी करून, चिरा देऊन परत लावली. एक मेलं. उरलेली तीन आज माझ्या गुडघ्याच्या वर आहेत, भरपूर फांद्या, आणि अजून कळी नाही. ट्रेमधली बाकीची मात्र नंतर लावूनही फारशी सुधारली नाहीत, खुंटा तो खुंटाच. गच्चीवरची मार्चमध्येच बी धरून वाळली. त्यांचं बी गोळा केलं आहे, मेच्या मध्याला तेच पेरणार.

आता अडचण अशी की गेल्या आठवड्यात फाटकावरचा दिवा उडाला आणि घरचे नवीन बसवा म्हणून मागे लागलेत. बसवू की थोडं थांबू?

खुरपं | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:३१

चिरा दिल्यात ना, मग झाडं झाली तयार. राहू दे अंधार.

सव्वाबारा | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:४०

सध्या दिवस १२ तास ३५ मिनिटांच्या आसपास, रोज मिनिटभराने वाढतोय. दिवा नसेल तर काही दिवसांत कळी येईल असा माझा अंदाज. तारीख लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या जातीची मर्यादा कुठे असेल याचा थोडा अदमास येईल.

आळशी_माळी | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:४२

आणि घरात कोणी अंधारात फाटकाला धडकलं तर तीही तारीख लिहून ठेवा.

कोवळी_पालवी | ३ मे, सकाळी ६:५०

तिन्ही रोपांना कळ्या. सव्वाबारा, पहिली २९ एप्रिलला दिसली.

दिवा काल बसवला. सासरे धडकले.